टाळ्या थांबल्यावर

आजचं वाचन: उपदेशक 2:1–11



हा शास्त्रभाग वाचताना मला नेहमी वाटायचं की तो दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलेला आहे. मोठमोठी घरं, द्राक्षमळे, तळी, दासदासी, गुरंढोरं, सोनंनाणं, गाणारे आणि गाणाऱ्या. उपदेशकाने डोळ्यांना जे हवं ते दिलं, मनाला कशालाच नाही म्हटलं नाही, आणि शेवटी मागे वळून पाहिलं तर मुठीत नुसता वारा. मी म्हणायचे, बरोबर आहे. पण माझ्याकडे कुठला द्राक्षमळा? मी धुळ्यात राहणारी एक निवृत्त शिक्षिका. महिन्याची पेन्शन येते, त्यात भागतं. जळगावला बहिणीबरोबर सराफ बाजारात गेले तरी ती दुकानात जाते आणि मी पायरीवर बसून राहते. सोन्याची हौस नाही, फिरण्याची नाही. तेव्हा हा अध्याय आपल्याला लागू नाही, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

आता एक कबूल करते. पहाटे हे मनन लिहून झालं की मी दिवसभरात अनेक वेळा मोबाईल उघडून बघते, आज किती जणांनी वाचलं. एकदा तर प्रार्थना करता करता मध्येच डोळे उघडून बघितलं. त्या दिवशी नेहमीपेक्षा कमी लोकांनी वाचलं होतं आणि मी चक्क नाराज झाले. कोणावर नाराज झाले? प्रभूवर? वाचणाऱ्यांवर? तेव्हा माझ्या लक्षात आलं की उपदेशकाच्या यादीतली माझीही एक वस्तू आहे. फक्त ती सोन्याची नाही. माझी तहान शाबासकीची आहे.

म्हणून आज अशा एका माणसाचं आयुष्य सांगते ज्याला शाबासकी भरभरून मिळाली. ज्यांची गीतं आपण दर रविवारी उपासनेत गातो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचं आयुष्य आपल्या खानदेशालाही एका जागी येऊन भिडलं आहे, त्याकडे पुढे येतेच.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई जानकीबाई मायाळू होत्या, वडील फार कडक. नारायण लहान असतानाच आई गेली आणि मग त्या घरात त्यांचं मन लागेना. घर सोडून ते नाशिकला आले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्या हाताखाली संस्कृत शिकले. मुलगा हुशार, पाठांतर पक्कं, वाणी गोड. पोटाला मात्र कधी मिळायचं, कधी नाही. मला वाटतं की पुढे आयुष्यभर त्यांना लोकांची जी ओढ राहिली, लोकांनी जवळ घ्यावं, मान द्यावा, तिचं मूळ या आई गेलेल्या पोरात असावं. हे माझं मत आहे. कोणत्या चरित्रात असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

लग्न झालं तेव्हा बायको अकरा वर्षांची. माहेरची मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरची. आपण त्यांना लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो. त्यांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं असेल त्यांना टिळकांचा संसार कसा होता हे मी वेगळं सांगायला नको. नोकरी एका गावी टिकली नाही. राग आला की टिळक घराबाहेर पडत. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हातात गेलाच समजा. लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत लिहिलं आहे. पण भगिनींनो, घरात पीठ नसताना ते इतकं हसण्यासारखं नव्हतं, हे तुम्हाला मला कळतं.

आणि घराबाहेर? बाहेर टिळक म्हणजे शीघ्रकवी. सभेत उभे राहिले की जागच्या जागी पद्य रचून म्हणत. व्याख्यान असो, कीर्तन असो, लोक ऐकत राहत. नागपूरला गेल्यावर तर आप्पासाहेब बुटींसारख्या धनिकाचा आधार मिळाला. बुटी विद्येचे चाहते, त्यांनी टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या कामाला लावलं. तिथे टिळकांनी 'ऋषी' नावाचं मासिकही चालवलं. म्हणजे बघा, जे एखाद्या विद्वानाने देवाकडे मागावं ते सारं हातात होतं: ग्रंथ, आश्रयदाता, नाव, ऐकणारे लोक.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथे. एवढं मिळूनही त्यांनी स्वतःला फसवलं नाही. आत काहीतरी रितं आहे हे ते लपवू शकले नाहीत. जुन्या धर्मात मन रमेना, मग ते स्वतःच एका नव्या धर्माचा विचार करू लागले. देश असा का, जातीजातींत ही भांडणं का, देव कसा, हे प्रश्न त्यांना सोडत नव्हते. टाळ्यांनी ते प्रश्न मिटले नाहीत. आपल्यातले बहुतेक जण टाळ्या मिळाल्यावर प्रश्न विसरतात, टिळक विसरले नाहीत.

1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. तिथल्या संस्थानात नोकरी मिळणार होती. गाडीत एक गोरा माणूस भेटला. त्या काळात गोरा माणूस आणि देशी माणूस एका डब्यात म्हणजे काय प्रसंग येई, हे ऐकून माहीत आहे. पण हा माणूस सौजन्याने वागला. आधी कवितेवर बोलणं झालं, मग धर्मावर. उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार दिला, वाचत राहा अशी विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगितलं. टिळकांना ते खुळेपणाचं वाटलं असणार. पण वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून त्यांनी वाचायला घेतलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना असं धरून ठेवलं की पुस्तक खाली ठेववेना. ज्या प्रश्नांनी त्यांना छळलं होतं त्यांची उत्तरं इथे होती.  माझ्यासारखी नावाची भुकेली बाई हे वाचते तेव्हा गप्पच होते. मराठी ख्रिस्ती मंडळीला तिचा सगळ्यात मोठा कवी ज्याच्या हातून मिळाला, त्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर काय काय गेलं ते पाहा. ब्राह्मण समाजाने त्यांना बाहेर टाकलं. जवळची माणसं दुरावली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या, दुःखाने त्यांना वेड लागायची पाळी आली. ही वर्षं दोघांनी वेगवेगळी काढली. पुढे त्या अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोही कुणाच्या दडपणाने नव्हे, स्वतःच्या मनाने, जातिभेद आपल्या मनातून गेला हे स्वतः अनुभवून.

आपल्या बहुतेक साक्षी इथे संपतात. जग सोडलं, प्रभू मिळाला, आमेन. पण टिळकांचं आयुष्य इथे संपत नाही, आणि मला आज सांगायचं आहे ते पुढचंच आहे.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांना नव्या टाळ्या मिळू लागल्या. अहमदनगरला मिशनचं काम, 1904 साली पाळक म्हणून दीक्षा, शेकडो गीतं, भजनं, कीर्तनं. 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन. मंडळीत मान आणि मंडळीबाहेरही मान, कारण त्यांच्या कवितेला धर्माची भिंत आडवी येत नव्हती. लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणत.

1907 साली आपल्या जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. टिळक तिथे आले होते. त्या संमेलनात सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा उभा राहिला. आपल्या धरणगावचा, त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्याने कविता म्हटली आणि सगळी सभा थक्क झाली. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हणून गौरवलं आणि तेच नाव त्याला कायमचं लागलं. धुळ्याहून जळगावला एसटीने जाताना एरंडोलला धरणगावचा रस्ता फुटतो. तिथली पाटी दिसली की मला तो मुलगा आठवतो. एका दिवसात त्याला इतकी कीर्ती मिळाली की जी बाकीच्यांना जन्मभर मिळत नाही.

तिथे टिळकांनी काय केलं? पाठ थोपटून ते गाडीत बसून निघून गेले नाहीत. पुढे त्या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेलं, घरच्या पोरासारखं ठेवलं. टिळकांच्या घरात आधीच कितीतरी मुलं येऊन राहिलेली, त्यात हा एक. लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड केले, रुसवे काढले. तो ख्रिस्ती झाला नाही. त्यासाठी त्याचं जेवण कुणी बंद केलं नाही.

बालकवींच्या कवितेत सुरुवातीला नुसता आनंद आहे. 'फुलराणी' आपण शाळेत शिकलो, मी कितीतरी वर्षं शिकवलीही. पुढच्या कवितांमध्ये मात्र उदासी उतरत गेली. आणि 5 मे 1918 रोजी जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून ते गेले. वय अवघं सत्तावीस.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एका तरुणांच्या शिबिरात मी याच शास्त्रभागावर बोलले. वजन यावं म्हणून मी बालकवींची गोष्ट घेतली. जगाने डोक्यावर घेतलेला मुलगा, जगाचा आनंद गाणारा, आणि त्याचा शेवट बघा कुठे झाला, असं मी हातवारे करून सांगितलं. मुलं एकदम शांत झाली. मला वाटलं, छान झालं बोलणं. हो, तेव्हाही मी मनात टाळ्याच मोजत होते.

कार्यक्रम संपल्यावर मागे बसलेले एक म्हातारे बाबा जवळ आले. रेल्वेत रुळांच्या कामावर आयुष्य गेलेलं, मंडळीतलेच. त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारलं की ताई, ज्यांनी त्या पोराला घरी नेऊन जेवू घातलं त्यांनी त्याची गोष्ट अशी सांगितली असती का. मग म्हणाले की रुळावर त्यांनी पुष्कळ माणसं गेलेली पाहिली आहेत, त्यात रोज प्रार्थना करणारेही होते. गाडी कुणाचं पाप-पुण्य बघून येत नाही. एवढं बोलून ते चहाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मी त्या रात्री झोपले नाही. शिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर पडला त्यांच्याबद्दल आपल्या प्रभूने लूकच्या तेराव्या अध्यायात काय सांगितलं आहे, ते मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण बोलणं रंगवायच्या नादात मी एका आईचा मुलगा वापरला. प्रियांनो, तुमच्या मंडळीत कोणी बालकवींचा अपघात असा वापरत असेल तर त्यांना प्रेमाने थांबवा. जगाचं सुख पोकळ आहे हे दाखवायला कुणाचं मरण लागत नाही. भरपूर मिळालेल्या माणसाचं जगणं पुरतं. त्यासाठी टिळकच पुरेत.

कारण 1917 साली टिळकांनी असं काही केलं की जे मला बाप्तिस्म्यापेक्षाही अवघड वाटतं. वय पंचावन्न. ख्रिस्ती होऊन बावीस वर्षं झालेली. नाव झालेलं, पगार चालू, मंडळीत शब्दाला किंमत. तो मिशनचा पगार त्यांनी सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताला गुरू मानतील ते सगळे तिथे एकत्र, देशी पद्धतीने, भजन-कीर्तनात. आता आपण पगार घेणारे सेवक नाही, ख्रिस्ताचे संन्यासी आहोत, अशी त्यांची धारणा होती.

काही जण याला टिळकांचा चंचलपणा म्हणतात. तसं म्हणायला जागा आहे, नाकारत नाही. तरुणपणी रागाने घर सोडणारे तेच हे टिळक. आणि घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या मनात काय आलं असेल, उद्याचं कसं? हा प्रश्न मी बाजूला सारत नाही. पण मला त्यात फरक दिसतो. तरुणपणी ते जिथे मन भरत नाही तिथून पळत होते. आता भरलेल्या मनाने सोडत होते. पूर्वीचं सोडणं कुठे तरी पाणी मिळेल म्हणून होतं. योहानाच्या चौथ्या अध्यायातली ती शोमरोनी बाई आठवा. विहिरीवर आली तेव्हा घडा तिच्या हातात होता, आणि गावात धावली तेव्हा तो तिथेच राहिला. कुणी तिला सांगितलं नव्हतं की घडा टाक. ती विसरलीच.

आणि हे लक्षात घ्या की टिळकांनी सुख टाकलं नाही. फुलं आवडायची ती शेवटपर्यंत आवडली. मुलं आवडायची. कविता लिहायचे ते लिहीतच राहिले. 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य हातात घेतलं होतं. उपदेशकानेही द्राक्षमळ्याला आग लावा असं कुठे लिहिलेलं नाही. त्या गोष्टींकडून जे मागायला नको होतं ते मागणं टिळकांनी थांबवलं. कवितेकडून कविता घेतली, तिच्याकडून आईची माया मागितली नाही. हे मी लिहिते आहे खरं, मला जमतं असं नाही.

दरबार त्यांना फार दिवस चालवायला मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक गेले. बालकवींच्या जाण्याला एक वर्ष आणि चार दिवस झाले होते. 'ख्रिस्तायना'चे थोडेच अध्याय झाले होते. बाकीचं लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, जिला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरं गिरवायला शिकवली त्या बाईने.

हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगून थांबते. जळगावच्या माझ्या बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. छान गातो. दोन वर्षांपूर्वी त्याचं एक गीत मोबाईलवर हजारो लोकांनी ऐकलं. मंडळ्यांमध्ये बोलावणी आली, कार्यक्रम झाले, हार घातले. आम्हीच घातले, मी सगळ्यात पुढे होते. आता नवीन गाणं टाकलं की मोजके लोक ऐकतात. पोरगा गप्प झाला आहे. खात नाही धड, रात्रभर मोबाईल धरून बसतो, पेटी कपाटावर ठेवून दिली आहे. बहीण फोनवर रडते आणि म्हणते की तू बायबल शिकवतेस, तूच त्याला काही सांग.

पहिल्यांदा माझ्या मनात उपदेशकच आला. व्यर्थ, सर्व व्यर्थ. पण त्या रेल्वेवाल्या बाबांची आठवण झाली आणि मी तोंड बंद ठेवलं. परवा संध्याकाळी फोन लावला आणि त्याला फक्त ही गोष्ट सांगितली, जळगावच्या संमेलनाची. तुझ्याच गावात, तुझ्यापेक्षा लहान वयात एका मुलाला केवढ्या टाळ्या मिळाल्या, आणि एक मोठा कवी त्याला घरी घेऊन गेला. मीही रोज किती जणांनी वाचलं ते मोजते, हेही त्याला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, मावशी तू पण? मग बराच वेळ काही बोलला नाही. मी शास्त्रवचन सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याने विचारलं की टिळकांच्या घरी त्या मुलाला रोज गाणं किंवा कविता म्हणून दाखवावी लागायची का. मी म्हटलं, मला नाही वाटत. रुसून बसला तरी त्याला जेवायला मिळायचं.

शनिवारच्या एसटीने तो धुळ्याला येतो आहे, आठ दिवसांसाठी. पेटी आणू नकोस असं मी त्याला सांगितलेलं नाही, आण असंही नाही. वांगी शेजारच्या काकू शेतातून आणून देणार आहेत, भरीत आणि कळण्याची भाकरी करीन. त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करा. तो असेपर्यंत मनन पाठवीन, पण त्यानंतर मोबाईल डब्यांच्या फळीवर ठेवणार आहे, तेव्हा तुमच्या निरोपांना उत्तर उशिरा आलं तर राग मानू नका.

उद्याचं वाचन: उपदेशक 2:12–26